आफ्रिकेचा ढोल, अमेरिकेचा जॅझ आणि महागडी तबकडी

खर्जातला

जॅझवर इथे आधी बरेच धागे येऊन गेलेत, पण ते सगळे ट्रंपेटवाला माइल्स डेव्हिस, सॅक्सोफोनवाला कोल्ट्रेन आणि पियानोवाला बिल एव्हन्स यांच्याभोवती फिरतात. या धाग्यात फक्त तालवाद्यांबद्दल बोलू या. त्यातही अशा रेकॉर्ड, जिथे आफ्रिकन वळणाचे ढोल पाहुणे म्हणून कोपऱ्यात बसलेले नसून घराचे मालक आहेत. दुसरा विषय या रेकॉर्डच्या नव्या छपाईचा, म्हणजे री-इश्यूंचा. त्यावर पुण्या-मुंबईतली बरीच मंडळी सध्या पगार उडवताहेत, मी धरून.

सुरुवात ड्रमर आर्ट ब्लेकीच्या 'ऑर्जी इन ऱ्हिदम'पासून करतो. ७ मार्च १९५७, न्यूयॉर्कमधला मॅनहॅटन टॉवर्सचा हॉल. ब्लू नोट या जॅझ कंपनीचं बरंचसं ध्वनिमुद्रण तेव्हा ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर हॅकेनसॅकला आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात करायचा. हा जथ्था मात्र हॉलमध्ये बसवला. ब्लेकी, जो जोन्स, आर्ट टेलर आणि स्पेक्स राइट असे चार ड्रमर. सोबत साबू मार्टिनेझ, पटाटो वाल्देस वगैरे पाच लॅटिन तालवादक. हर्बी मानची बासरी, रे ब्रायंटचा पियानो आणि वेंडेल मार्शलचा बास आहेत, पण चवीपुरते. दोन भागांत निघालेल्या या रेकॉर्डमध्ये हॉलच्या भिंतीवर आपटून परत येणारा ढोलांचा आवाज हीच खरी मजा आहे.

आणि इथेच री-इश्यूचा प्रश्न येतो. सॅक्सोफोनची धून सुमार छपाईतही कळते. ढोलाचं तसं नाही. कातड्यावर हात पडतो त्या क्षणाचा 'टप' आणि मागून उठणारा घुमारा, यातलं एक जरी गेलं तरी नुसती खटखट उरते. म्हणून माझं म्हणणं असं की या प्रकारातली रेकॉर्ड केवळ दुर्मीळ आहे म्हणून घेऊ नये. छपाई कुठल्या टेपवरून झाली आणि पैसे कुणाला गेले, हे दोन प्रश्न विचारून घ्यावी.

तुमच्याकडे काय काय आहे?

बाकावरचा बंड्या

वाचतोय. बायकोला लिंक पाठवलेली नाही.

ताशा_कडक

धागा आवडला. मी पथकात ताशा वाजवतो, त्यामुळे उत्सुकतेनं यूट्यूबवर ऐकलं. पहिली दहा मिनिटं भारी वाटलं, मग सगळे जण एकाच वेळी वेगवेगळं काहीतरी वाजवताहेत असं वाटायला लागलं. आमच्यात ढोल एक ठेका धरतात आणि ताशा वर फिरतो. इथे सम कुठे आहे राव?

धिरकिट

ताशा_कडक, समेचा शोध सोडलात तर सापडेल. :-)

पश्चिम आफ्रिकेतल्या बऱ्याच ढोलवादनात मधोमध एक लोखंडी घंटा असते. घानाच्या एवे लोकांतला गाजलेला नमुना घ्या: बारा मात्रा, त्यात सात ठोके, अंतरं २-२-१-२-२-२-१. ही घंटा बदलत नाही. बाकीचा प्रत्येक ढोल तिच्याकडे कान ठेवून आपापल्या जागेवरून उठतो. कुणाची 'एक' घंटेच्या पहिल्या ठोक्यावर, कुणाची मधेच कुठेतरी. एकाच बारा मात्रा कुणी तीन-तीनच्या चार गटांत धरतो, कुणी दोन-दोनच्या सहा. तबला शिकणाऱ्यांना तिस्र (तीन-तीनची लय) आणि चतुस्र (चार-चारची लय) माहीत असतं, पण आपण एकातून दुसऱ्यात जातो आणि समेवर घरी येतो. इथे दोन्ही कायम एकत्र नांदतात.

ऐकायला सोपं उदाहरण म्हणजे कोंगा, म्हणजे हातानं वाजवायचा उंच क्यूबन ढोल, वाजवणाऱ्या मोंगो सांतामारियाचं 'आफ्रो ब्लू' (१९५९). मांडीवर एका हातानं तीन आणि दुसऱ्यानं दोन वाजवत ऐका. नंतर त्याच धुनेचं कोल्ट्रेननं १९६३ मध्ये काय केलं ते ऐका. तिथे त्याचा ड्रमर एल्विन जोन्स एकटाच सगळ्या कोंगावाल्यांचं काम अंगावर घेतो.

ताशा_कडक

मांडी लाल झाली, पण कळलं. धन्यवाद!

सडेतोड_सदा

धागाकर्त्यांनी 'आफ्रिकन' शब्द जरा सैल वापरलाय असं वाटतं. ब्लेकीच्या १९५७ च्या त्या रेकॉर्डवरचे तालवादक बघा. क्यूबा आणि पोर्तो रिकोकडची माणसं. म्हणजे आफ्रिका आली ती क्यूबामार्गे, गुलामांच्या वंशजांनी जपलेली. तीच वाट ट्रंपेटवाल्या डिझी गिलेस्पीनं १९४७ मध्ये क्यूबाच्या कोंगावादक चानो पोझोला बँडमध्ये घेतलं तेव्हाची. चानो हवानातल्या अबाक्वा पंथातला, तिथली मंत्रासारखी गाणी त्याला येत. 'मांतेका' डिसेंबर १९४७ मध्ये ध्वनिमुद्रित झालं आणि पुढच्या डिसेंबरात हार्लेममध्ये गोळी लागून चानो गेला. एक वर्षभराचं काम, आणि त्यावर पुढची सत्तर वर्षं लोक जगताहेत.

प्रत्यक्ष आफ्रिकेतला माणूस ब्लेकीच्या शेजारी बसला तो 'द आफ्रिकन बीट'मध्ये, जानेवारी १९६२. नायजेरियाचा सोलोमन इलोरी. तोवर 'आफ्रिका' ही न्यूयॉर्कमध्ये बसून केलेली कल्पना होती. कल्पना सुंदर होती, हे मान्य. पण रेकॉर्डच्या वेष्टणावर मुखवटे आणि भाले छापून विकणाऱ्यांना त्यातला फरक कळत होता असं मला वाटत नाही.

खर्जातला

सदाभाऊ, मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच 'आफ्रिकन वळणाचे' असा शब्द वापरला. पण न्यूयॉर्कमध्ये तोवर आफ्रिकन माणूस नव्हताच असं नाही. बाबातुंदे ओलातुंजी १९५० मध्येच नायजेरियातून अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजात शिकायला आला होता. त्याचं 'ड्रम्स ऑफ पॅशन' १९६० मध्ये कोलंबियासारख्या बड्या कंपनीनं काढलं. ड्रमर मॅक्स रोचनं त्याच वर्षी 'फ्रीडम नाऊ स्वीट'मध्ये त्याला घेतलं. कोल्ट्रेननं 'तुंजी' नावाची रचना त्याच्यासाठी केली, आणि २३ एप्रिल १९६७ ला हार्लेममधल्या ओलातुंजीच्याच संस्थेत वाजवलं. ती टेप कोल्ट्रेनच्या शेवटच्या ध्वनिमुद्रित मैफिलीची. जुलैत तो गेला. ती टेप २००१ मध्ये बाहेर आली. आवाज फाटलेला आहे, तरी सोडू नका.

सडेतोड_सदा

ओलातुंजी मोठाच, पण 'ड्रम्स ऑफ पॅशन' जॅझ नाही. ढोल आणि समूहगान आहे. ज्यानं जॅझ आणि आफ्रिकन ढोल यांची सांधेजोड आतून केली तो माणूस घानाचा. गाय वॉरन. त्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही.

जन्म १९२३, अक्रा. नाव वॉरन गमालिएल, म्हणजे अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांचं नाव ठेवलेलं! ई. टी. मेन्साच्या टेम्पोज बँडमध्ये ड्रमर. १९५५ मध्ये शिकागोला पोचला आणि तिथे 'आफ्रिका स्पीक्स, अमेरिका आन्सर्स' ही डेक्का कंपनीसाठी केलेली रेकॉर्ड. त्यात बोलका ढोल बिग बँडशी अक्षरशः संवाद करतो. त्याचं म्हणणं साधं होतं: अमेरिकन ड्रमरांची नक्कल करत राहिलो तर दुय्यमच राहीन, त्यापेक्षा त्यांना येत नाही ते वाजवेन. पण अमेरिकेत त्याला हवी तशी जागा मिळाली नाही. ओलातुंजीचा बोलबाला झाला आणि हा कडवट होऊन घानाला परतला. १९७४ मध्ये नाव बदलून घानाबा केलं. म्हातारपणी हँडलचा 'हालेलुया कोरस' फोंतोमफ्रोम या घानातल्या मोठ्या ढोलांवर वाजवायचा. २००८ मध्ये गेला. मॅक्स रोचनं नंतर कबूल केलं की हा माणूस आमच्या फार पुढे होता आणि तेव्हा आम्हाला त्याचं म्हणणंच कळलं नाही.

आता सांगा, ब्लेकीच्या री-इश्यूंची रांग लागते आणि वॉरनचं नाव रेकॉर्डच्या दुकानात कुणाला माहीत नसतं. दुर्मीळपणा कशानं ठरतो मग?

मॅट्रिक्स_वाचक

मूक वाचक होतो, पण विषय माझ्या दुखऱ्या जागेवर आलाय, तेव्हा जरा लांब लिहितो. वाचनखूण साठवून (वाखुसा) ठेवा, पुन्हा टंकणार नाही.

युरोपात ध्वनिमुद्रणाचे हक्क पूर्वी ५० वर्षांचे होते. २०१३ मध्ये ते ७० केले, पण जे आधीच मोकळं झालं होतं ते मोकळंच राहिलं. म्हणजे १९६२ पर्यंत प्रकाशित झालेलं सगळं. आता वर आलेल्या तारखा बघा: १९५७, १९५९, १९६०. या संगीताचा सुवर्णकाळ नेमका त्या खिडकीत बसतो! त्यामुळे युरोपातली कुठलीही कंपनी मूळ कंपनीला न विचारता, मूळ टेप हातात नसताना, या रेकॉर्ड छापू शकते. सीडीवरून घेतलेली फाइल, तीही कधी कधी आवाज दाबून सपाट केलेली, आणि वर १८० ग्रॅमचा, म्हणजे जाडजूड तबकडीचा, स्टिकर. रचनेचे हक्क वेगळे असतात, ते संपलेले नसतात, पण वाजवणाऱ्याच्या घरी यातून काही जात नाही. अमेरिकेत उलटं आहे. २०१८ च्या कायद्यानं १९५७ ते फेब्रुवारी १९७२ मधलं ध्वनिमुद्रण २०६७ पर्यंत संरक्षित आहे. आपल्याकडे प्रकाशनापासून ६० वर्षं.

तर १८० ग्रॅमला भुलू नका. वजनानं आवाज सुधारत नाही, फार तर तबकडी वाकत नाही. त्यापेक्षा वेष्टणाची मागची बाजू वाचा. 'मूळ मास्टर टेपवरून, अमक्यानं कटिंग केलं' (कटिंग म्हणजे टेपवरचा आवाज तबकडीच्या खाचेत कोरणं) असं नावानिशी लिहिलेलं असेल तर उत्तम. नुसतं 'डिजिटली रीमास्टर्ड' असेल आणि कुणाचंच नाव नसेल तर ठेवून द्या. ब्लू नोटची टोन पोएट मालिका २०१९ पासून निघते, जो हार्लीच्या देखरेखीखाली, केव्हिन ग्रे मूळ टेपवरून कापतो. ती डोळे झाकून घ्यावी इतकी चांगली आहे, फक्त पाकीट उघडं ठेवावं लागतं.

तबकडीच्या लेबलालगतचा जो कोरा काळा पट्टा असतो, तिथे टॉर्च मारा. जुन्या ब्लू नोटवर 'आरव्हीजी' किंवा 'व्हॅन गेल्डर' आणि इंग्रजी पी अक्षरासारखी, कानाच्या आकाराची एक खूण दिसते. ती तबकड्या छापणाऱ्या प्लॅस्टिलाइट कारखान्याची. १९६६ मध्ये लिबर्टी कंपनीनं ब्लू नोट विकत घेतली आणि ती खूण संपली. मूळ छपाईचे चढे भाव या एवढ्याशा खुणेवर ठरतात. माझ्या मते हा निव्वळ वेडेपणा आहे, पण मीही टॉर्च घेऊन फिरतो.

सोनटक्का

इतका खटाटोप? स्ट्रीमिंगवर सगळं आहे की. तीन-चार हजारांची एक तबकडी, तीही दर वीस मिनिटांनी उठून उलटायची. पुन्हा आमच्या रत्नागिरीत जूनपासून वेष्टणांवर बुरशी. प्रामाणिक शंका आहे, राग नसावा.

खर्जातला

राग कसला! आणि एक गोष्ट कबूल करू या, 'व्हायनिलचा खर्ज डिजिटलला येत नाही' ही अंधश्रद्धा आहे. उलट व्हायनिलला खर्जाचं वावडं असतं. फार खोल आवाज असेल तर खाच रुंद होते, शेजारच्या खाचेत घुसते. म्हणून कापताना खालचे स्वर दोन्ही बाजूंना सारखे करतात, थोडे छाटतातही. एका बाजूला पंचवीस-सव्वीस मिनिटं कोंबली की आवाजाची पातळी खाली येते. शिवाय आत आत जाताना खाच दाट होते आणि शेवटच्या गाण्यातल्या झांजा चरचरायला लागतात. ढोलांची रेकॉर्ड कापणं ही कटिंग करणाऱ्याची परीक्षाच असते.

मग मी का घेतो? पाठीमागच्या मजकुरासाठी, हे पहिलं कारण. स्ट्रीमिंगवर 'ऑर्जी इन ऱ्हिदम' उघडा, ब्लेकीचं नाव दिसेल. बाकीच्या आठ तालवादकांची नावं शोधून दाखवा. उभालदो निएतो, होझे वालिएंते, एविलियो किंतेरो ही माणसं तिथे नाहीतच. तालवादकाचं नाव गाळायची जुनी खोड आहे, नव्या तंत्रानं ती अजून सोपी केली. दुसरं कारण निव्वळ हौस. त्याला काही स्पष्टीकरण नाही.

धिरकिट

सोनटक्काताई, बुरशीसाठी: आतलं कागदी पाकीट फेकून द्या, प्लॅस्टिकचं घाला, रेकॉर्ड उभ्या ठेवा, कपाट भिंतीपासून दूर. पुसायला डिस्टिल्ड वॉटर आणि अगदी थोडं आयसोप्रोपिल. आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या (आरपीएम) लाखेच्या तबकड्यांना मात्र अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते.

गुणक्री

सगळे न्यूयॉर्कच्याच चकरा मारताय. इथियोपियात, अदिस अबाबाला चला की जरा.

मुलातू अस्तात्के. जन्म १९४३, जिम्मा. वेल्समध्ये शाळा, लंडनमध्ये संगीत, मग बोस्टनचं बर्कली संगीत महाविद्यालय. व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं, काठीनं वाजवायचं वाद्य), कोंगा, की-बोर्ड. १९७२ मध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित केलेली 'मुलातू ऑफ इथियोपिया' म्हणजे खाली लॅटिन कोंगा आणि वर इथियोपियाचे पाच स्वरांचे मेळ. मी गाणं शिकते, त्यामुळे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ताठ बसले. त्यांचा तिझिता मेळ, मेजर प्रकारातला, म्हणजे आपला भूप. अंबासेल म्हणजे सा, कोमल रे, म, प, कोमल ध. म्हणजे गुणक्री राग, बघा माझं सदस्यनाम! तिझिताचा मायनर प्रकार म्हणजे शिवरंजनीत धैवत कोमल केला तर जे होईल ते. कुठला ऐतिहासिक संबंध वगैरे मला सुचवायचा नाही, पाच स्वर निवडायला बसलं की जगभर लोक सारख्या जागी पोचतातच. चलन मात्र पूर्ण वेगळं. भूपात ग-ध ची जी संगती आपण शोधतो ती तिथे नाही, म्हणून कान सारखा फसतो आणि फसायला आवडतो.

याची री-इश्यूची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. अदिसमध्ये रेकॉर्ड काढण्याचा मक्ता सरकारी होता. अम्हा एशेते नावाच्या तरुण दुकानदारानं १९६९ मध्ये तो धुडकावून स्वतःची कंपनी काढली. १९७४ मध्ये सम्राटांची सत्ता गेली, लष्करी राजवट आली, रात्रीची संचारबंदी लागली, क्लब बंद पडले आणि १९७५ मध्ये अम्हानं देश सोडला. पुढे फ्रान्सिस फाल्सेटो या फ्रेंच माणसानं त्याच्याशी बोलून 'एथियोपीक' ही सीडी मालिका सुरू केली. तिचा चौथा भाग, १९९८ चा, मुलातूचा. २००५ मध्ये जिम जारमुशच्या 'ब्रोकन फ्लॉवर्स' या चित्रपटात ते संगीत आलं आणि मग व्हायनिलवाले जागे झाले. '७२ ची रेकॉर्ड स्ट्रट कंपनीनं २०१७ मध्ये पुन्हा काढली. मुलातू हयात, त्याच्याशी बोलून केलेलं काम. री-इश्यूमुळे म्हातारपणी माणूस पुन्हा जगभर वाजवत फिरला, असं उदाहरण दुसरं पटकन आठवत नाही.

मॅट्रिक्स_वाचक

गुणक्री, दंडवत. अंबासेलचं ऐकून पेटी काढली.

जोबर्गचा_जावई

दक्षिण आफ्रिकेत बरीच वर्षं आहे, म्हणून एक भर.

जोहान्सबर्गमध्ये कोहिनूर नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. मालक रशीद वॅली, भारतीय वंशाचे. वर्णभेदाच्या काळात त्या दुकानात काळे, गोरे, भारतीय सगळे जॅझ घ्यायला यायचे. वॅलींनी स्वतः रेकॉर्ड काढायला सुरुवात केली, लेबलचं नाव 'अॅश-शम्स'. पियानोवादक अब्दुल्ला इब्राहिमचं 'मॅनेनबर्ग' (१९७४) त्यांनीच काढलं, आणि ते पुढे वर्णभेदविरोधी चळवळीचं जवळजवळ राष्ट्रगीत झालं. ढोलप्रेमींसाठी त्याच लेबलवरची डिक खोझाची 'चापिटा' (१९७६). खोझा ड्रमर, सोवेटोच्या पेलिकन क्लबशी जोडलेला. ती मूळ तबकडी मिळणं महाकठीण. मात्सुली या छोट्या कंपनीनं ती पुन्हा काढली तेव्हा कुठे इथल्या तरुण मुलांनी ती ऐकली. स्वतःच्याच शहराचं संगीत, परदेशी री-इश्यूमधून, पाउंडाच्या भावात. यावर काय बोलायचं ते मला अजून कळलेलं नाही.

सडेतोड_सदा

जावईबापू, हेच म्हणतोय मी. खाण एकीकडे, दागिन्याचं दुकान दुसरीकडे.

खर्जातला

सदाभाऊ, पण मात्सुली नसती तर 'चापिटा' ना तिकडच्या पोरांना मिळाली असती ना इकडे मला. चांगली री-इश्यू कंपनी वारस शोधते, करार करते, जुने फोटो मिळवते, दहा पानी टिपण छापते. या कामाला पैसे लागतात, आणि ते गिऱ्हाईकच देणार. माझा राग त्या बिननावाच्या १८० ग्रॅमवाल्यांवर आहे, सगळ्यांवर नाही.

सडेतोड_सदा

इतपत मान्य. पुढचं नाही.

म्हापश्याचो

इतकी चर्चा झाली आणि आपल्या माणसाचं नाव कुणी काढलं नाही! अमान्सियो डिसिल्वा. जन्म मुंबई, १९३६, घरचे गोंयकार. गिटारवादक. साठच्या दशकात लंडनला गेला. १९६९ मध्ये त्याची स्वतःची 'इंटिग्रेशन' आणि सॅक्सोफोनवादक जो हॅरियटसोबतची 'हम दोनो' आली. आणि सदाभाऊ, खुर्ची घट्ट धरा: त्याच वर्षी लंडनमध्ये 'आफ्रो-जॅझ' नावाची रेकॉर्ड झाली. निर्माता डेनिस प्रेस्टननं काढलेली. ढोलावर गाय वॉरन, ट्रंपेट इयन कार, सॅक्सोफोन डॉन रेंडेल आणि गिटारवर आपला अमान्सियो. अक्राचा ढोल आणि गोंयकाराची गिटार, लंडनच्या स्टुडिओत.

त्याचीच 'कोंकण डान्स' १९७२ मध्ये ध्वनिमुद्रित होऊन तशीच पडून राहिली, २००६ मध्ये पहिल्यांदा बाहेर आली. म्हणजे ती री-इश्यू म्हणताच येणार नाही. पहिलंच प्रकाशन, चौतीस वर्षं उशिरा.

सडेतोड_सदा

खुर्ची धरली. 'आफ्रो-जॅझ'ची मूळ छपाई काय भावानं जाते?

म्हापश्याचो

विचारू नका. ऐकायची असेल तर या, चवथीला मी गावाला असतो.

बाकावरचा बंड्या

बायकोनं धागा शोधून वाचला. तिचं म्हणणं, मुलातूची आधी मागव, बाकीचं नंतर बघू. मॅट्रिक्सदादा, स्ट्रटची प्रत घेताना मागे काय काय वाचायचं ते एकदा पुन्हा सांगा.

मॅट्रिक्स_वाचक

बंड्या, त्या प्रतीत मोनो (एकाच वाहिनीचं) मिश्रण आणि स्टुडिओतले वगळलेले तुकडेही असलेली तीन तबकड्यांची आवृत्ती आहे आणि साधी एकाचीही. आधी साधी घे. तुकडे पहिल्यांदा ऐकायला छान वाटतात, दुसऱ्यांदा कुणी लावत नाही. आणि वहिनींना नमस्कार सांग.